माचाखालचं माणूस

जनीने सोळा वर्षं क्रिकेट ऐकलं. पाहिलं एकदाही नाही.

ती बेलपाड्याची. तिचा नवरा शिवा मिठागरात कामाला होता, पण त्याचं नाव होतं ते उघाडीसाठी. खाडीचं पाणी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला बांधात जे लाकडी दार असतं, ती उघाडी. ती बांधायला लोक शिवाला पार उरणपर्यंत बोलावत. तो खिळा वापरत नसे. खाऱ्या हवेत खिळा दोन पावसाळ्यांत गंजतो. तो काथ्याचं सुंभ मिठागराच्या पाण्यात आठ दिवस बुडवून ठेवी आणि ओलं असतानाच गाठ मारी. ओलं सुंभ फुगतं, आखडतं, लाकडाला चावून बसतं. वाळलं की सैल पडतं. उघाडी सदा पाण्यात असते, म्हणून तिची गाठही सदा घट्ट असते.

लढाईच्या दिवसांत मुंबईच्या एका मांडववाल्याने शिवाचं काम पाहिलं आणि त्याला सामन्यांसाठी नेलं. तेव्हा मुंबईत क्रिकेटला एवढी गर्दी लोटे, की पक्क्या बैठका पुरत नसत. मग बांबू आणि वासे बांधून, फळ्या टाकून, एकावर एक पायऱ्यांची बैठक उभी करत. शहरातली माणसं तिला स्टँड म्हणत, शिवा माच म्हणे. माच काही पाण्यात नसतो. उन्हात गाठी वाळू नयेत म्हणून सकाळी, दुपारी आणि खेळ संपल्यावर एकेका गाठीवर पाणी ओतावं लागे. ते काम जनीचं. कळशी कमरेवर घेऊन ती माचाखाली वाकून फिरे.

आणखी एक गोष्ट जनीच्या वाट्याला आली होती. खाडीकाठी नवी उघाडी बांधली की पहिल्या उधाणाला बांधणाऱ्याच्या घरचं एक माणूस बांधाच्या आतल्या बाजूला, खाली, भरती उतरेपर्यंत बसून राहतं. दार गेलं तर पहिलं पाणी त्याच्या अंगावर. हे कुणी कुणाला सांगत नाही. तसं माणूस बसलेलं दिसलं की गाव आपापल्या कामाला लागतं. शिवाने ती रीत मुंबईला नेली. वर हजार माणसं बसलेली असताना खाली, त्यांच्या बरोबर मधोमध, जनी बसलेली असे. मांडववाला हसायचा. पण गिरणीत कामाला असलेली आपल्याकडची माणसं सामन्याला आली की आधी वाकून खाली बघत आणि मगच वर चढत.

त्यामुळे खेळ तिला वजनाने कळे. चौकार गेला की सगळा भार पुढच्या वाशांवर येई आणि सावकाश मागे जाई. कुणी बाद झालं की सगळे एकदम उठत आणि तिच्या डोक्यावर धूळ पडे. काहीच घडत नसे तेव्हा फळ्यांच्या फटींतून शेंगांची टरफलं येत. चेंडू लाल असतो हे तिला पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतं. माच मात्र ती बोटांनी ओळखे. भरलेला माच एक लांब, जाडा आवाज काढतो, झोपलेला रेडा कूस बदलतो तसा. तो आवाज येत असला की ती निश्चिंत पान खाई.

एकोणीसशे एकोणसाठच्या माघात पनवेलला तीन दिवसांचा सामना ठरला. शाळेच्या इमारतीला मदत म्हणून. मुंबईहून नावाजलेले खेळाडू येणार होते. ज्या समितीने हे अंगावर घेतलं तिचे चिटणीस अच्युतराव मोडक, वकील. चांगला माणूस. खेळासाठी पदरमोड करणारा, पोरींच्या शाळेसाठी दारोदार फिरणारा. त्यांच्या पाकिटात वर्तमानपत्रातून कापलेलं एक चित्र कायम असे. मेलबर्नचं मैदान, जगातलं सगळ्यात मोठं. एक लाख माणूस बसतं तिथे, असं ते ज्याला त्याला सांगत. आपलं अख्खं पनवेल पाच वेळा बसवलं तरी जागा उरेल. कापडवाल्याला सांगत, एसटीच्या कंडक्टरला सांगत. शिवाला कामासाठी बोलावलं तेव्हा त्यालाही त्यांनी ते दाखवलं. शिवाने ते चित्र उन्हात तिरकं धरून पुष्कळ वेळ पाहिलं आणि मग जनीच्या हातात दिलं.

जनीने विचारलं, "याच्या खाली कोन बसतं?"

मोडक मनापासून हसले. मग म्हणाले, सिमेंटचं आहे बाई ते, त्याला कुणी खाली बसावं लागत नाही.

माच आठशे माणसांचा ठरला. शिवाने आजवर मुंबईत याच्या दुप्पट बांधले होते, पण दुसऱ्याच्या हाताखाली. हा पहिला त्याच्या एकट्याचा. दर्शनी बाजूला पाटी लागणार होती आणि तिच्यावर त्याचं नाव, शिवा पोशा, बेलपाडा. मोडकांनी अक्षरं कागदावर काढून दाखवली होती. शिवाला वाचता येत नव्हतं, पण तो कागद त्याने बंडीच्या आतल्या खिशात ठेवला होता आणि काम करताना मधून मधून वरून हात लावून बघायचा. सव्वीस दिवसांत माच उभा राहिला. आठ पायऱ्या, मागचा कठडा दोन पुरुष उंच, चढायला एकच जिना. जनीने गाठी मोजल्या नव्हत्या, पण प्रत्येकीजवळ ती रोज तीनदा जात होती.

सामन्याला आठ दिवस राहिले असताना मोडकांना वाटलं, हा उघडा बांबू बरा दिसत नाही. चित्रातलं मैदान कसं पांढरंशुभ्र होतं. त्यांनी शिवाला विचारलं, रंग दिला तर? शिवाचा हात बंडीच्या खिशावरून फिरला आणि तो हो म्हणाला. रंगारी म्हणाला, तेलरंग आहे, सुंभ ओलं असेल तर धरणार नाही, दोन दिवस पाणी बंद ठेवा. पूर्वेकडचा कोरडा वारा सुटला होता. दोन दिवसांत अंगणातलं धुणंसुद्धा कडक होत होतं.

जनीने शिवाला सांगितलं की पाणी बंद करू नका. तो म्हणाला, दोन दिवसांनी काय होतं, उलट रंगाने सुंभ टिकेल. तिसऱ्या दिवशी रंगाऱ्यांनी वासे, बांबू, फळ्यांच्या कडा आणि सगळ्या गाठी पांढऱ्या केल्या. एकदा आणि मग दुसऱ्यांदा. माच खरंच सुंदर दिसला. बाजारातून माणसं मुद्दाम बघायला आली. पाटीसुद्धा त्याच दिवशी लागली.

दुसऱ्या सकाळी जनी कळशी घेऊन खाली गेली. पहिल्या गाठीवर तिने पाणी ओतलं. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ते गाठीवरून ओघळलं आणि खाली मातीत गेलं. तिने दुसऱ्या गाठीवर ओतलं, तिसऱ्या गाठीवर ओतलं. गाठी चकचकीत झाल्या, ओल्या झाल्या नाहीत. पांढऱ्या कवचाच्या आत सुंभ होतं तसंच राहिलं, दोन दिवसांच्या वाऱ्याने वाळलेलं, सगळ्यात सैल असताना बंद करून टाकलेलं. तिने नखाने रंग खरवडून पाहिला. नख तुटलं.

तरीही सामना सुरू होईपर्यंत ती रोज तीनदा पाणी ओतत राहिली.

पहिल्या दिवशी, शुक्रवारी, माचावर चारशेच्या आसपास माणसं होती. जनी खाली मधोमध बसली. नाणेफेक झाली असावी, कारण टाळ्या पडल्या. मग भार पुढे गेला, मागे आला. ती त्या लांब, जाड्या आवाजाची वाट बघत होती. तो आला नाही. त्याऐवजी कुठेतरी डावीकडे बारीक आवाज झाला, टक. सुपारी फोडल्यासारखा. थोड्या वेळाने उजवीकडे, टक. ती उठून तिथे गेली. वासा जिथे बांबूला बांधला होता तिथे रंगात केसाएवढी चीर गेली होती. तिने त्यावर तळवा ठेवला. वर कुणीतरी चौकार मारला, माणसं ओरडली, आणि तळव्याखाली लाकूड लाकडावर सरकलं. भाताचा दाणा असतो ना, तेवढंच. मग परत जागेवर आलं.

दिवसभरात तिने असे सतरा आवाज मोजले. पान खाल्लं नाही.

खेळ संपल्यावर उजेड असतानाच तिने शिवाला आत नेऊन चीर दाखवली. तो अंगठा फिरवत राहिला. ती म्हणाली, पाणी आत जात नाही, गाठी मेल्यात. तो म्हणाला, मुंबईत कधी काही झालं का? ती म्हणाली, मुंबईत रंग नव्हता. मग तो मोडकांकडे गेला. तासाभराने परत आला तेव्हा त्याच्या चालण्यात जरा जोर होता. मोडकांनी त्याला समजावून सांगितलं होतं. उद्या शनिवार, तिकिटं सगळी गेलीत, मामलेदार सहकुटुंब येणार आहेत. सगळा माच सोडून परत बांधायचा तर किती दिवस लागतील? शिवाला खोटं सांगता आलं नाही. पंधरा, तो म्हणाला होता. मग कसं जमणार? आणि रंगाने लाकूड टिकतं, बिघडत नाही, बंदरात जाऊन बघ.

"जहाजांनाबी रंग देतात," शिवा जनीला म्हणाला.

"जहाज ठोकलेलं असतं," जनी म्हणाली. "बांधलेलं नसतं."

तो वळला. दर्शनी बाजूला जाऊन पाटीखाली उभा राहिला. आठशे माणसं आणि त्याचं नाव, दोन्ही एकाच लाकडावर होती.

शनिवारी सकाळी नऊपासूनच माणसं यायला लागली. बेलपाड्याहून, आजूबाजूच्या गावांतून भाकऱ्या बांधून बाया-माणसं आली होती. क्रिकेट त्यातल्या फार थोड्यांना कळत होतं. आपल्या शिवाचा माच बघायला आणि त्याच्यावर बसायला ती आली होती. त्यांची तिकिटं सगळ्यात वरच्या दोन पायऱ्यांची, कारण ती स्वस्त. खाली पनवेलची व्यापारी मंडळी, शिक्षक, कचेरीतले लोक. पहिल्या पायरीवर खुर्च्या टाकून मामलेदार. अकराला माच भरला. जिन्यावर अजून माणसं होती. वारा तसाच, कोरडा.

जिन्यावरच्या गर्दीत बेलपाड्याच्या माणसांना आधी खाली बघता आलं नव्हतं, म्हणून त्यांनी वर चढल्यावर कडेवरून खाली वाकून पाहिलं. जनी कळशी घेऊन येत होती. ती माचाच्या तोंडाशी आली, जिथून वाकून आत शिरायचं तिथे. तिथे थांबली. कळशी जमिनीवर ठेवली. आत जायच्या ऐवजी ती दहा पावलं मागे आली आणि भर उन्हात, मैदानाकडे पाठ करून, माचाकडे तोंड करून मांडी घालून बसली.

वरून तुळशीरामाने हाक मारली. हा त्यांच्या गावचा सगळ्यात म्हातारा बांधवाला, शिवाने उघाडीचं काम त्याच्याच हाताखाली शिकलेलं.

"जने, बाहेर का गो?"

"ऊन खाते, आबा."

"माघाचं ऊन?"

"माघाचंच."

तुळशीरामाने तिच्याकडे पाहिलं. मग शेजारी ठेवलेली भाकरीची पुरचुंडी उचलली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गुडघ्यावर हात ठेवत उठला. तो जिन्यापर्यंत पोचायच्या आत त्याच्या मागची बाई उठली, मग तिची जाऊ. वरच्या दोन पायऱ्या हळूहळू, गडबड न करता, मोकळ्या व्हायला लागल्या. खाली उतरलेलं प्रत्येक माणूस जनीजवळून जाताना तिच्याकडे बघत होतं आणि दूर जाऊन उभं राहत होतं.

खालच्या पायऱ्यांवरच्या लोकांना आधी गंमत वाटली. कुणी म्हणालं, गाववाल्यांना कंटाळा आला वाटतं, अजून तर आजची पहिली ओव्हर आहे. एका मास्तरांनी विचारलं, फुकट जेवण आहे का कुठे? जनीकडे बोट दाखवून एक कापडवाला म्हणाला, त्या बाईला मॅच बघायचीय, एक तिकीट द्या तिला, म्हणजे सगळे बसतील. हशा झाला. त्या हशाबरोबर भार थोडा हलला आणि जनीला इतक्या लांबून ऐकू आलं, टक, टक, लागोपाठ दोन.

मोडक धावत आले. घामाघूम झाले होते. त्यांना ती रीत माहीत नव्हती, पण ही बाई बसली आणि माणसं उठली एवढं त्यांना दिसलं होतं. ते जनीशी बोलले नाहीत. शिवाला म्हणाले, तुझी बायको काय करतेय हे? लोक घाबरतायत. तिला रोजच्या जागी बसव, आत्ताच्या आत्ता.

शिवा तिच्यापुढे येऊन उभा राहिला. आता बेलपाड्याचं सगळं गाव बघत होतं, आणि खालच्या पायऱ्यांवरचे लोकही हसायचे थांबून बघत होते.

"जने, आत जा."

ती उठली नाही.

"लोक काय म्हनतील? पाटी लागलीय तिथं. जा आत."

"मी सोला वर्सं गेलू," जनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "आज तुमी जा."

शिवाने तिच्याकडे पाहिलं, मग माचाकडे. जनीने ठेवलेली कळशी त्याने उचलली, बहुधा हाताला काहीतरी हवं म्हणून. तो माचाच्या तोंडाशी गेला. आत वाकला. डोकं आणि एक खांदा सावलीत गेला. त्याने डाव्या हाताने पहिली गाठ धरली, दाराच्या चौकटीला धरावं तशी. मैदानात गोलंदाज धावत आला असावा, कारण वर सगळे एकदम पुढे झुकले. ती गाठ शिवाच्या मुठीत फिरली.

तो तसाच वाकलेला राहिला. किती वेळ, हे नंतर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. मग त्याने खांदा बाहेर काढला, डोकं बाहेर काढलं, सरळ उभा राहिला. आत गेला नाही. मोडकांकडे बघून तो एवढंच म्हणाला, "वकीलसाहेब, उतरवा सगल्यांना."

हे शब्द पहिल्या पायरीवर ऐकू गेले. मामलेदार उठले. मग कुणाला थांबवणं शक्य नव्हतं. जिना एकच, माणसं सहाशे. शिवा जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून हात वर करून सांगत होता, एकेक, बारीक पावलं, उडी नको. तुळशीराम आणि गावची माणसं परत आली आणि त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाजूने हातांवर उतरवून घेतलं. शेवटची वीस-पंचवीस माणसं वर असताना माच एकदाच हलला. मागचा कठडा वीतभर उजवीकडे गेला आणि तिथेच थांबला. फळीवर राहिलेला कुणाचा तरी पितळी डबा घरंगळत पायऱ्या उतरत आला. त्याच्या आवाजाने मैदानातला खेळ थांबला. मग उरलेलेही उतरले.

कुणालाही लागलं नाही. एका पोरीची चप्पल हरवली.

खेळ पुन्हा सुरू झाला. लोकांनी मैदानाच्या कडेने जमिनीवर बसून तो पाहिला, शनिवारी आणि रविवारीही. मागे तो पांढरा माच रिकामा, वीतभर कललेला, तसाच उभा होता. पडला नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत पडला नाही, सोमवारी पडला नाही. तेव्हा पनवेलात बोललं जाऊ लागलं की एवढं घाबरवलं लोकांना, सगळे एकदम उतरले म्हणून तो कलला, नाहीतर काय झालं असतं? मोडकांनी जाहीरपणे जनीला दोष दिला नाही, पण समितीच्या अहवालात लिहिलं की बैठकव्यवस्थेबाबत अफवा पसरल्यामुळे गैरसोय झाली.

माच सोडायला शिवाने कुणाला येऊ दिलं नाही. तो आणि जनी, दोघांनीच आठ दिवस काम केलं. तो वर चढून फळ्या काढी, ती खाली रचून ठेवी. गाठी तो स्वतः सोडी. कोयता कमरेला होता, पण त्याने तो काढला नाही. रंग फोडला की सुंभ नुसतं बोटांनी निघत होतं, म्हातारीच्या हातातल्या बांगडीसारखं. जनी खालून बघत होती. चौथ्या दिवशी तो वरूनच म्हणाला, "कोनाला सांगू नको."

"मी आधीच सांगितला होता," जनी म्हणाली. "आता काय सांगू?"

त्यानंतर शिवाला माचाचं काम कुणी दिलं नाही. उघाडीचंही कमी झालं. ज्याच्या घरचं माणूस खाली बसायला नाही म्हणालं, त्याने बांधलेल्या दारामागे शेत कोण ठेवणार? हे गावातल्या कुणी तोंडाने म्हटलं नाही. दोघं मिठागरात मजुरीला जाऊ लागली. तो खारवट पाण्याच्या वाफ्यांतून मीठ ओढायचा, ती टोपलीने मीठ वाहायची. तिच्याशी मात्र बाया आता वेगळ्या बोलत. वाटेत सरकून जागा देत. कुणाचं घर शाकारायचं असलं की आढ्याखाली तिला उभं करून विचारत, कसं वाटतं गो? ती वर बघायची नाही, ऐकायची.

दोन वर्षांनी समितीने पुन्हा सामना ठेवला. या वेळी मुंबईहून लोखंडी नळ्यांचा स्टँड आला, ट्रकमधून, सुट्ट्या तुकड्यांत. चार माणसांनी तो पान्यांनी आवळून दोन दिवसांत उभा केला आणि संध्याकाळच्या गाडीने ती निघून गेली. दोन हजारांचा होता. तुळशीराम जनीला म्हणाला, चल, बघून तरी सांग.

ती गेली. सकाळचं ऊन होतं. माणसं चढायला लागली होती. तिने एका नळीवर तळवा ठेवला, मग कान लावला. वर शेकडो पावलं वाजत होती, पण नळीत काहीच नव्हतं. कुरकुर नाही, कूस बदलणं नाही. ती पुढच्या नळीपाशी गेली, तिच्या पुढच्या नळीपाशी गेली. मग बाहेर आली.

"काय गो?" तुळशीरामाने विचारलं.

"लाकूड आधी बोलतं," जनी म्हणाली. "हे बोलनार नाय."

बेलपाड्याची माणसं वर चढली नाहीत. ती बाजूला, उन्हात, दाटीने उभी राहिली. जनी त्यांच्यात होती, शिवाही होता. मैदानाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती सगळी स्टँडकडे बघत होती, आणि जिन्यावर माणसांची रांग संपत नव्हती.